कपाळांत दारू लिहिलेली नसते

(गांवच्या चावडीपुढें जमलेल्या शेतकरी, कारागीर व मजूर मंडळीपुढें एका शाळामास्तरांनीं केलेलें भाषण)



मी कीर्तनकार नव्हे, वैद्यहि नव्हे. शाळेंत पोरांकडून पाढे म्हणवून घेणारा मास्तर आहें. तेव्हां आज जें सांगणार आहें तें माझ्या पदरचें नाहीं. पुस्तकें वाचून आणि तालुक्याच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांना पुन्हां पुन्हां विचारून पडताळून घेतलेलें आहे. मागें ओट्याच्या कडेला बसलेल्या बायांना माझी विनंति कीं त्यांनीं पुढें यावें. दारू पिणारा एक असतो, पण तिचा हप्ता घरांतली बाई फेडते. म्हणून हें ऐकण्याचा पहिला हक्क तिचा.

आमच्या गांवांत एक सुतार होता. नांव घेत नाहीं, त्याचीं मुलें येथें बसलीं आहेत. हाताचा असा कसबी कीं त्यानें केलेली तिफण पाहायला शेजारच्या गांवचे लोक येत. तो प्यायला लागला, आणि शेवटीं तर सकाळीं चूळ भरायच्या आधीं त्याला घोट लागे, नाहींतर हातांतला वाकस थरथरे. एका आषाढींत त्यानें दारू सोडली. गळ्यांत माळ घातली, बायकोच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, घरांतली बाटली उकिरड्यावर फोडली. सगळ्या गांवानें शाबासकी दिली, मींहि दिली. दुसऱ्या रात्रीं त्याला फीट आली. तिसऱ्या दिवशीं ताप भरला, घामाच्या धारा लागल्या, हातपाय लटलट कांपूं लागले, आणि भिंतीवरून साप उतरताहेत, अंथरुणांत मुंग्या भरल्या आहेत, असें तो ओरडूं लागला. शहाण्यासुरत्यांनीं निदान केलें कीं बाहेरचें लागलें. एका देवऋष्याकडे नेलें. त्यानें लिंबू कापलें, अंगारा लावला, कोंबडें मागितलें, आणि खोलींत कोंडून पाणीसुद्धां देऊं नका असें बजावलें. चौथ्या दिवशीं सुतार गेला. वर लोक म्हणाले, माळ मोडायचा विचार मनांत आला असेल, म्हणून विठोबा कोपला.

विठोबाचा यांत कांहीं संबंध नव्हता. जें झालें त्याला डॉक्टरी शास्त्रांत 'डेलिरियम ट्रेमेन्स' असें नांव आहे. कंप आणि भ्रम, असा त्याचा अर्थ. वर्षानुवर्षें रोज पुष्कळ पिणाऱ्यानें एकदम थांबवलें तर त्यांतल्या थोड्यांना बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास तें होतें. तें कसें होतें तें बैलगाडीवरून सांगतों. आपल्या मेंदूंत पळवणाऱ्याहि शक्ति आहेत आणि आवरणाऱ्याहि. दारू आवरणाऱ्या शक्तीला जोर देते आणि पळवणारीला दाबते. म्हणून प्यालेला माणूस सैल पडतो, झोंपतो. आतां समजा, तुमच्या गाडीला मागून रोज एक जड धोंडा बांधला. बैल हुशार असतात. ते हळूहळू दुप्पट जोर लावायला शिकतील आणि गाडी पूर्वीसारखीच चालूं लागेल. मेंदूहि तेंच करतो. म्हणून जुन्या पिणाऱ्याला एका पेल्यानें कांहीं होत नाहीं, तीन लागतात. मग एके दिवशीं तुम्हीं धोंड्याचा दोर एकदम कापलात. बैलांना काय ठाऊक? ते त्याच दुप्पट जोरानें ओढणार, आणि गाडी बांधावरून खालीं. सुताराच्या डोक्यांत तेंच झालें. दवाखान्यांत नेला असता तर मेंदू शांत करणारीं औषधें दिवसादिवसानें कमी करीत दिलीं असतीं, बी-1 जीवनसत्त्वाचीं इंजेक्शनें दिलीं असतीं, पाणी पाजलें असतें, आणि तो बहुधा वांचला असता. म्हणजे धोंडा हळूहळू हलका केला असता.

हें पहिलें सांगितलें, कारण यांत जीव जातो. आतां दुसऱ्या प्रश्नाकडे येतों: मुळांत माणूस या फेऱ्यांत सांपडतो कां?

भिक्षुकशाहीचें उत्तर आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या पाठ आहे. पूर्वजन्मीचें पाप, कपाळींचा लेख, आणि अमक्या जातीचें रक्तच तसें. हें उत्तर सांगणाऱ्याला फार सोयीचें. पिणारा मेला तर त्याचें कर्म, त्याच्या पोरांनीं उपास काढले तर त्यांचें कर्म, आणि शांतीची दक्षिणा मात्र सांगणाऱ्याची. शिवाय ज्यांच्या पुराणांत देवहि सोमरस पितात, त्यांनीं आमच्या जातींना पिणाऱ्या जाती म्हणावें, हें नवलच. आणि नुसते भिक्षुकच असें बोलत होते असें नाहीं. इंग्रज सरकारनें 1871 सालीं कायदा करून कित्येक जमाती जन्मानेंच गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा देशभर मोडीत निघायला 1952 साल उजाडलें. माणसाचा दोष रक्तांत दाखवला म्हणजे त्याच्या भाकरीची चौकशी करावी लागत नाहीं, हें त्यांतलें मर्म.

मग रक्ताचा म्हणजे आनुवंशाचा कांहींच संबंध नाहीं काय? आहे, आणि तो लपवूं नये. या सुताराचा बाप पीत असे. डेन्मार्क देशांत गुडविन नांवाच्या डॉक्टरानें आपल्या सोबत्यांसह दत्तक गेलेल्या मुलग्यांची पाहणी केली आणि ती 1973 सालीं छापली. लहानपणींच परक्या घरीं वाढलेले हे मुलगे. ज्यांच्या जन्मदात्यांपैकीं एक दारूच्या आहारीं गेलेला होता अशा 55 जणांत शेंकडा 18 पुढें दारूचे रोगी झाले. ज्यांचे आईबाप तसे नव्हते अशा 78 जणांत शेंकडा 5. बापाची बाटली कधीं पाहिली नाहीं, तरी फरक पडला. जुळ्या भावंडांच्या पाहणींतूनहि आनुवंशाचा वांटा साधारण निम्मा निघतो. पण तीच संख्या उलटीकडून वाचा. त्या पिणाऱ्यांच्या मुलग्यांपैकीं शंभरांत ब्याऐंशी रोगी झाले नाहींत! आणि हा वारसा घराण्याचा आहे, जातीचा नव्हे. तो ब्राह्मणाच्या घरांतहि सांपडतो आणि साहेबाच्याहि.

वारसा उलटहि काम करतो. पोटांत गेलेल्या दारूचें शरीरांत आधीं एक विषारी द्रव्य बनतें, आणि मग त्या विषाचा शिरका होऊन तें निरुपद्रवी होतें. चीन, जपान, कोरिया या देशांतल्या पुष्कळ माणसांत ही दुसरी पायरी जन्मतःच मंद असते. दोन घोटांतच तोंड लाल होतें, छाती धडधडते, मळमळतें. साहजिकच अशीं माणसें फारशीं दारूच्या नादीं लागत नाहींत. ही निसर्गाची युक्ति डॉक्टरांनीं गोळींत आणली आहे. तिचें नांव डायसल्फिराम. ती घेणाऱ्यानें दारू प्याली तर तेंच विष अंगांत सांठतें आणि त्याची भयंकर दशा होते. बायांनो, येथें नीट ऐका. बाजारांत 'नकळत भाजींत घाला, दारू सुटेल' म्हणून पुड्या विकतात. त्यांत काय आहे हें विकणारा सांगत नाहीं. तशा पुडींत हें औषध असेल आणि नवरा संध्याकाळीं पिऊन आला तर रक्तदाब खालीं जाऊन तो दगावूं शकतो, आणि कपाळ पुसण्याची वेळ तुमच्या हातानें येईल. हें औषध डॉक्टरानेंच द्यावें, आणि घेणाऱ्याला सांगूनच द्यावें.

तिसरी गोष्ट मेंदूची. दारूबाजी हा नुसता वाईट चालीचा प्रकार नसून आजार आहे, हें अमेरिकेंत बेंजामिन रश या डॉक्टरानें 1784 सालीं आणि इंग्रजी आरमारांतल्या थॉमस ट्रॉटर या डॉक्टरानें 1804 सालीं लिहून ठेवलें. पण आजार कोठें आहे तें त्यांस दाखवतां येईना. 1954 सालीं कॅनडांत ओल्ड्स आणि मिल्नर या दोघांनीं उंदरांच्या मेंदूंत बारीक तारा बसवल्या आणि पिंजऱ्यांत एक दांडी ठेवली. दांडी दाबली कीं मेंदूच्या ठराविक जागीं विजेचा सूक्ष्म झटका बसे. उंदीर ती दांडी तासाला शेंकडों वेळां दाबूं लागले. मेंदूंत अशी जागा आहे कीं जी म्हणते, 'हें पुन्हां कर'. अन्न, संग, पोराचें हंसूं, या सगळ्यांनीं ती जागते. त्यांशिवाय माणूस जगलाच नसता. दारू, अफू, तंबाखू त्याच जागेचा दरवाजा मागच्या बाजूनें फोडून आंत शिरतात.

तेथें काम करणाऱ्या एका रसाला डोपामिन म्हणतात. शुल्ट्झ नांवाच्या शास्त्रज्ञानें माकडांवर प्रयोग केले. आधीं दिवा लावायचा, मग फळांचा रस द्यायचा. प्रथम रस तोंडांत पडला म्हणजे डोपामिनच्या पेशी उसळत. संवय झाल्यावर नुसता दिवा लागतांच उसळूं लागल्या. दिवा लागून रस मिळाला नाहीं तर नेहमींपेक्षांहि खालीं बसत. हें वाचलें आणि मला माझाच उजवा हात आठवला. मी सतरा वर्षें तंबाखू-चुना मळला. शाळेची मधली घंटा झाली कीं हात आपोआप खिशांत जाई. सुटीच्या दिवशीं घंटा नाहीं तर तासन्‌तास आठवणहि नसे. माझी घंटा, तसा सुताराचा दुकानावरून जाणारा रस्ता. बाजारचा दिवस, हातांत आलेली मजुरी, ठराविक सोबती, तिन्हीसांजेची वेळ, हे सगळे त्या माकडाचे दिवे आहेत. म्हणून सहा महिने न प्यालेला माणूस बाजारांत गेला आणि पिऊन आला तर 'खोटारडा' म्हणून त्याच्या अंगावर धांवूं नका. मजुरी घेतांना कोणी त्याच्याबरोबर राहा, किंवा मालकाला सांगून ती बायकोच्या खात्यावर जमा करवा. (मिशरी लावणाऱ्या आयाबहिणींनीं हसूं नये. तुमचीहि चूल पेटली कीं बोट डबीकडे जातेंच.)

पुढें बेरिज आणि रॉबिन्सन या दोघांनीं 1993 सालीं आणखी एक बारकावा मांडला. गोडी वेगळी आणि ओढ वेगळी. व्यसन मुरतें तशी ओढ वाढत जाते, गोडी मात्र वाढत नाहीं, उलट कमीच होते. सुतार मला एकदां स्वतः म्हणाला होता, "गुरुजी, आतां ती गोड लागत नाहीं हो, पण पाय तिकडंच जातात." तेव्हां मला तें सोंग वाटलें होतें. त्याला मीं चार शब्द सुनावले. आज ते परत घेतां येत नाहींत.

परंतु सगळा दोष मेंदूवर टाकून मोकळें होतां येत नाहीं. कॅनडांतलेच ब्रूस अलेक्झांडर नांवाचे एक प्राध्यापक म्हणाले, पिंजऱ्यांत एकटा कोंडलेला उंदीर दुसरें करील तरी काय? त्यांनीं 1970 नंतरच्या त्या दहा वर्षांत उंदरांसाठीं ऐसपैस जागा केली. तींत सोबती, खेळायच्या वस्तू, पिलें वाढवायला कोपरे. अफूच्या सत्त्वाचें गोड पाणी दोन्हीकडे ठेवलें. एकट्या कोंडलेल्या उंदरांनीं तें पुष्कळ अधिक प्यालें. सोबतींत राहणाऱ्यांनीं फारच कमी. हा प्रयोग पुढें इतरांनीं करून पाहिला तेव्हां दरवेळीं तसाच निकाल आला नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे, नाहींतर मीहि पुराणिकच ठरेन. पण माणसांचा एक पुरावा पक्का आहे. व्हिएतनामच्या लढाईंत गेलेल्या अमेरिकन शिपायांपैकीं सुमारें पांचांत एक तेथें अफूच्या मालाचा, मुख्यतः हेरॉइनचा, गुलाम झाला होता. 1971 सालीं परतलेल्या शिपायांचा ली रॉबिन्स या बाईंनीं पाठपुरावा केला. त्या गुलाम झालेल्यांपैकीं घरीं आल्यावर पहिल्या वर्षांत पुन्हां त्या फांसांत अडकले ते शंभरांत फक्त पांचच्या आसपास. मेंदू तोच, पण गांव बदललें, मृत्यूची टांगती भीति गेली, आणि माल सहज मिळेना.

आतां आमच्या सुताराचा पिंजरा पाहा. तो प्यायला लागला केव्हां? गांवांत ट्रॅक्टर आला, नांगर-कुळव-तिफणीचें काम गेलें, बलुत्याचा दाणा बंद झाला त्या दोन वर्षांत. दिवसभर वाकस खुंटीला. ज्या माणसाला पंचक्रोशी मान देई त्याला कोणी दारांत बोलवीना. ट्रॅक्टर आणूं नये असें मी म्हणत नाहीं. पण ट्रॅक्टर आला त्या वर्षीं सुताराचें काय होणार, हा प्रश्न या चावडींत कोणीं काढला नाहीं. मींहि नाहीं.

आणि पिंजऱ्यांत दारूची नळी कोण बसवतो, हेंहि विचारायला हवें. दक्षिण आफ्रिकेंत केप प्रांतांतल्या द्राक्षमळ्यांवर गोरे मालक काळ्या-सांवळ्या मजुरांना मजुरीचा कांहीं भाग दारूच्या रूपानें देत, तोहि दिवसांतून अनेक वेळां. त्या पद्धतीला 'डॉप' म्हणत. मजूर पिऊन गुंगला म्हणजे मळा सोडून जात नसे. पुढें कायद्यानें ती बंद झाली, तरी गरोदरपणीं पोटांत दारू गेल्यामुळें अधू जन्मलेल्या मुलांचें प्रमाण त्या भागांत जगांत सर्वांत जास्त नोंदलेल्यांपैकीं आहे. त्या मजुरांनाहि लोक म्हणतच होते, यांचें रक्तच तसें!

आपल्याकडे तरी काय झालें? 1878 च्या मुंबई अबकारी कायद्यानें ताडी-माडीच्या झाडांवर जबर कर बसला, गांवोगांवच्या भट्ट्या मोडून दारूचा मक्ता ठेकेदारांकडे गेला. 1892 सालीं ठाणें व कुलाबा जिल्ह्यांतल्या मोहाच्या फुलांवरहि कायद्यानें बंधनें आलीं. लोकांची दारू सुटावी म्हणून हें झालें नाहीं. तिच्यावरचा पैसा एका खिडकींत गोळा व्हावा म्हणून झालें. मक्ता देणारा आणि मक्ता घेणारा, दोघांचेंहि हित खप वाढण्यांत. महात्मा जोतीराव फुले पुणें म्युनिसिपालटीचे सभासद असतांना त्यांनीं 1880 सालीं शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. पिणाऱ्याला पापी म्हणून उपदेश करीत बसण्याऐवजीं त्यांनीं दुकानाकडे बोट दाखवलें, तें कोणत्याहि प्रयोगशाळेच्या आधीं. आज इंग्रज नाहीं, पण राज्याच्या तिजोरीला दारूच्या महसुलाची जी चटक लागली ती सुटलेली नाहीं. कोणाचें व्यसन मोठें, तें तुम्हीच ठरवा.

एक शस्त्र मात्र बायांच्या हातांत आहे. महाराष्ट्रांत गांवांतल्या एकंदर महिला मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं 'आडव्या बाटली'ला मत दिलें तर गांवचें परवान्याचें दुकान बंद करतां येतें. मत देणाऱ्यांपैकीं निम्म्या नव्हे, एकंदर महिला मतदारांपैकीं. म्हणून मतदानाच्या दिवशीं खुरपणीला गेलेली प्रत्येक बाई दुकानदाराच्या पारड्यांत पडते. परंतु दुकान बंद होण्याच्या आधीं, रोज सकाळीं ज्यांना घोट लागतो अशा माणसांची दवाखान्याची सोय करा. दुकानाचें कुलूपहि त्यांच्या दोराला लागलेली सुरीच आहे.

कोणी म्हणेल, मास्तर, सगळा दोष मेंदूचा, बापाचा, ट्रॅक्टरचा आणि सरकारचा ठरवलात. मग पिणाऱ्याचें कांहींच नाहीं कां? त्याचें आहे. बायकोवर हात टाकला तर तो गुन्हाच, दारूचें निमित्त त्याला चालणार नाहीं. आणि उपचाराला चालत त्यालाच जावें लागतें. मधुमेहाच्या रोग्याला आपण पापी म्हणत नाहीं, पण गोळी त्यानेंच घ्यायची असते, तसेंच हें. सुटलेली पुन्हां लागली तर तेंहि दुखणें उलटल्यासारखें समजावें आणि पुन्हां न्यावें. दोनदां, तीनदां न्यावें लागतें. भारत सरकारचा फुकट फोन आहे, आंकडा लिहून घ्या: 14446. व्यसन सोडवण्यासाठीं कोठें जावें तें त्यावर सांगतात.

आतां कामाचें बोलून बसतों. तालुक्याच्या दवाखान्यांतल्या डॉक्टरांशीं माझें बोलणें झालें आहे. येत्या सोमवारीं पहिल्या एसटीनें मी जाणार, रजा टाकली आहे. ज्यांना यायचें त्यांनीं रात्रीं माझ्या घरीं येऊन सांगावें. चारचौघांत नांव घेतलें जाणार नाहीं. बरोबर घरचें एक माणूस आणि आधार कार्ड असावें. आणि ज्यांना सकाळींच घोट लागतो त्यांनीं शूरपणा करून रविवारपासून पिणें बंद करूं नये. जसे असाल तसे या.